वर्मापर्यंतची वाट

हत्ती, गवा, आफ्रिकेतला रेडा किंवा अलास्कातलं तपकिरी अस्वल यांच्यासमोर कोणती गोळी कामाला येते, हा वाद शिकारीच्या पुस्तकांतून दीडशे वर्षं चालत आला आहे. एक पक्ष मोठ्या नळीचा, दुसरा वेगवान गोळीचा. दोघेही आपापले आकडे घेऊन भांडतात, पण ते आकडे बहुधा बंदुकीच्या तोंडाशी मोजलेले असतात. खरा प्रश्न जनावराच्या कातड्याच्या आत सुरू होतो. जाड कातडं, स्नायू, बरगड्या, फऱ्याचं हाड, कधी गवताने गच्च भरलेलं पोट, एवढं सगळं ओलांडून गोळी मेंदू, मणका, काळीज किंवा फुप्फुस गाठते तेव्हा जनावर पडतं. त्याच्या अलीकडे ती थांबली तर जनावर जखमी होतं, आणि जखमी जनावर पळून जाऊन कण्हत मरतं किंवा माणसावर उलटतं. म्हणून धोकादायक जनावरासाठी गोळी निवडताना तिचा व्यास, वेग आणि ऊर्जा यांच्याआधी तिची बांधणी पाहावी, असं या प्रकरणाचं म्हणणं आहे. बांधणी म्हणजे हाडामांसातून जाताना ती आपला आकार, वजन आणि दिशा किती टिकवते ते. ‘जितकी मोठी तितकी बरी’ हा नियम ऐकायला सोपा आहे, पण पुरावा त्याच्या बाजूने पूर्णपणे उभा राहत नाही.

मोठ्या गोळीचा आग्रह मुळात निरुपायातून आला. काळ्या दारूच्या जमान्यात मोठ्या बोअरच्या बंदुकीतून सुटलेली गोळी सेकंदाला साधारण चारशे-साडेचारशे मीटरच वेग घेई. दारू आणखी ठासली तर नळी आणि खांदा दोन्ही धोक्यात. मग जोर वाढवायचा तर गोळीचं वजनच वाढवायचं. बोअरचा हिशेबही वजनावरच बेतलेला आहे: एक पौंड शिशाच्या जेवढ्या गोल गोळ्या होतील तेवढा बोअर, त्यामुळे आकडा लहान तितकी नळी मोठी. फ्रेडरिक सेलसने १८७० च्या दशकात आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात हत्ती मारले ते फोर बोअरच्या ठासणीच्या बंदुकांनी, म्हणजे पाव पौंडाच्या, ११३ ग्रॅमच्या गोळीने. या बंदुकांच्या दणक्याने आपली नेमबाजी कायमची बिघडली, अशी तक्रार त्याने पुढे केली. सॅम्युएल बेकरकडे तर अर्ध्या पौंडाची गोळी फेकणारी रायफल होती. तो तिला ‘बेबी’ म्हणे आणि त्याचे अरब सोबती तिला तोफेचं पोर म्हणत. तरीही याच पिढीला वजनाची मर्यादा कळली होती. मऊ शिशाची गोळी हाडावर आपटली की चपटी होते आणि तिथेच अडकते, म्हणून जाड कातड्याच्या जनावरासाठी शिशात कथील किंवा पारा मिसळून ते कडक केलं जाई. आपल्या सातपुड्यात हिंडलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथने गोळी, दारू आणि नळीतले आटे यांच्या नात्यावर १८६० च्या दशकात स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. गोळी कशाची आणि कशी घडवलेली, हा प्रश्न त्या काळातही विचारला जात होता; उत्तर देण्याची साधनं तेवढी अपुरी होती.

गोळी किती आत जाईल याचा पहिला अंदाज एका भागाकाराने घेता येतो. गोळीच्या वजनाला तिच्या समोरच्या क्षेत्रफळाने भागायचं. समोरच्या दर चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम वजनाचा रेटा आहे ते कळतं. सेलसच्या ११३ ग्रॅमच्या गोल गोळीचा व्यास साधारण पावणेसत्तावीस मिलिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० ग्रॅम. आता सात मिलिमीटरच्या माउझर रायफलची ११ ग्रॅमची लांबट गोळी घ्या. वजन दहावा हिस्सा, पण भागाकार येतो २७ च्या आसपास. वर तिचा वेग सेकंदाला ७०० मीटरच्या आसपास. मुसळ कितीही जड असलं तरी कातड्यात भोक पाडायला दाभणच लागतं. मात्र दाभण वाकलं तर उपयोग शून्य, आणि या भागाकाराची मर्यादाही तीच आहे. गोळी शेवटपर्यंत मूळ आकारात राहते असं तो गृहीत धरतो. गोळीचं तोंड फुलून व्यास दुप्पट झाला की समोरचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि २७ चा आकडा सातावर घसरतो. म्हणजे कागदावर बलाढ्य वाटणारी गोळी पहिल्या चार बोटांतच दुबळी होऊ शकते. बांधणीचा मुद्दा केवळ चवीचा नाही तो यामुळे.

हा मुद्दा ऐरणीवर आला तो धूर न करणाऱ्या दारूमुळे. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८८४ मध्ये ती तयार केली आणि गोळीचा वेग एकदम वाढला. त्या वेगाला उघडं शिसं नळीतल्या आट्यांत टिकेना, म्हणून त्यावर तांबं-निकेलसारख्या कठीण धातूचं कवच आलं. कवचाची गोळी सरळ आरपार जाऊ लागली. १८९५ च्या चित्राल मोहिमेत ब्रिटिश सैन्याची तक्रार होती की नव्या .३०३ च्या गोळीने शत्रू थांबत नाही. त्यावर कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने टोकाचं कवच काढून शिसं उघडं ठेवलेली गोळी बनवली. ती शरीरात फुले, भयंकर जखम करी. १८९९ च्या हेग परिषदेत फुलणाऱ्या गोळ्यांचा युद्धातला वापर निषिद्ध ठरवणारा जाहीरनामा निघाला. शिकारीत मात्र उलटा कायदा आहे. इंग्लंडमध्ये हरीण मारायचं तर गोळी फुलणारीच असली पाहिजे, कवचबंद चालत नाही. यात दिसतो तेवढा विरोध नाही. जखमी सैनिक लढाईतून बाद झाला की युद्धाचा हेतू साधतो, हरीण मात्र जखमी होऊन तीन दिवस झुडपात पडून राहणं हीच क्रूरता. इथून शिकारीच्या गोळ्यांची दोन घराणी पडली: तोंड उघडं असलेली, फुलणारी सॉफ्ट नोज आणि पूर्ण बंदिस्त, न फुलणारी सॉलिड. रिग्बीने १८९८ मध्ये .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस आणलं, त्यानंतर या वर्गातल्या जवळपास प्रत्येक काडतुसासाठी दोन्ही प्रकार मिळू लागले.

कुठलं घराणं कधी, हे जनावराच्या अंगावर ठरतं. वाघ, सिंह, बिबळ्या यांची कातडी पातळ, हाडं तुलनेने हलकी, आणि बाजूने पाहिलं तर फुप्फुसं एका वितीच्या आत. अशा अंगातून सॉलिड गोळी बारीक भोक पाडून पलीकडे निघून जाते. वाघ मरतो, पण लगेच नाही, आणि मधली काही मिनिटं त्याच्या हातात राहतात. इथे फुलणारी गोळीच योग्य. पण फुलण्यालाही वेळ-काळ आहे. हरणासाठी बनवलेली पातळ कवचाची गोळी वाघाच्या फऱ्यावर फुटून तुकडे झाली तर वरवरची मोठी जखम होते आणि आतलं वर्म शाबूत राहतं. रेड्याचं आणि गव्याचं गणित वेगळं. आफ्रिकेतला रेडा सात-आठशे किलोपर्यंत भरतो, गवा त्याहूनही भारी. बरगड्या रुंद आणि दाट, फऱ्याचं हाड जाड. तिथे तोंड फार लवकर उघडणारी गोळी म्हणजे जनावराला चिडवण्याचं साधन. हत्ती आणि गेंडा यांच्यासाठी तर फुलणाऱ्या गोळीचा विचारच सोडून द्यावा लागतो. अर्धवट पोहोचलेल्या गोळीची किंमत शिकाऱ्यालाच मोजावी लागते असंही नाही. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी होते. तिचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे तुटलेले होते आणि ते जुन्या गोळीने तुटले, असं कॉर्बेटने नोंदवलं आहे. नेहमीची शिकार अवघड झाल्यामुळे ती माणसांकडे वळली, असा त्याचा निष्कर्ष. कोणा अनामिकाची जबड्यावर लागलेली एक गोळी नेपाळ आणि कुमाऊँच्या गावांनी अनेक वर्षं भोगली.

न फुलणाऱ्या गोळीचा सर्वांत ठळक पुरावा वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युगांडाच्या करामोजा भागात आणि इतरत्र त्याने हजाराहून जास्त हत्ती मारले, आणि त्यातले बहुसंख्य वर सांगितलेल्या सात मिलिमीटरच्या कवचबंद गोळीने. हत्तीचा मेंदू डोक्याच्या मानाने लहान, मागे आणि खाली दडलेला; त्याच्यापुढे पोकळ्यांनी भरलेलं हाड. बेलने हत्तीची कवटी करवतीने उभी चिरून मेंदूची नेमकी जागा आणि प्रत्येक कोनातून तिथे जाणारी रेषा समजून घेतली. गोळी त्या रेषेवरून न वाकता गेली की हत्ती जागीच बसत असे. यावर मोठ्या नळीच्या पक्षाचं उत्तर जॉन टेलरने १९४८ च्या आपल्या पुस्तकात दिलं. गोळीचं वजन, वेग आणि व्यास यांचा गुणाकार करून त्याने ‘नॉक-आउट’ मूल्य काढलं. त्या सूत्रात .६०० नायट्रो एक्स्प्रेसला दीडशेच्या आसपास गुण मिळतात आणि बेलच्या गोळीला जेमतेम सोळा. टेलरचं म्हणणं असं, की गोळी मेंदूला चुकून बाजूने गेली तर जड गोळीच्या धक्क्याने हत्ती क्षणभर बधिर होतो आणि शिकाऱ्याला दुसरी गोळी झाडायला वेळ मिळतो. हा अनुभव नाकारण्याचं कारण नाही. पण हे सूत्र मेंदूच्या अगदी जवळून गेलेल्या गोळीबद्दल बोलतं. तिथवर गोळी पोहोचेल की नाही याबद्दल त्यात एक अक्षर नाही. फुटून जाणाऱ्या आणि न फुटणाऱ्या गोळीला त्यात सारखेच गुण मिळतात.

‘ऊर्जा’ या शब्दाचंही असंच. काडतुसाच्या खोक्यावर छापलेला आकडा पाहून जनावर धक्क्यानेच उताणं पडेल असं वाटतं. .४५० ची ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला ६५५ मीटरने निघते. तिचा सगळा संवेग ७०० किलोच्या रेड्याने शोषला तर रेडा सेकंदाला तीन सेंटिमीटर वेगाने मागे सरकेल, म्हणजे कीटकाच्या चालीने. गोळी कोणालाही ढकलून पाडत नाही. ती भोक पाडते, आणि भोक कुठून कुठवर गेलं यावर सगळं ठरतं. अर्थात बेलचं उदाहरणही सरसकट लावता येत नाही. तो उघड्या मुलखात, माणसाची फारशी भीती न बसलेल्या कळपांवर, स्वतः निवडलेल्या कोनातून आणि अंतरावरून गोळी झाडत असे. त्याच्या यशातून सात मिलिमीटरची शिफारस निघत नाही. सरळ आत जाणं ही पहिली अट आहे, एवढंच निघतं. ती अट पुरी झाल्यावर व्यास वाढवला तर भोक मोठं होतं, फायदा मिळतो. आफ्रिकेतल्या अनेक देशांनी धोकादायक जनावरांसाठी किमान .३७५ ची मर्यादा घातली आहे ती या अर्थाने शहाणपणाची आहे.

सरळ जाण्यासाठी नुसता कठीणपणा पुरत नाही, नाकाचा आकारही लागतो. लांब पल्ल्याला टोकदार गोळी चांगली, कारण ती हवा कापते. तिचं वजन मागच्या बाजूला असतं, आणि नळीतल्या आट्यांनी दिलेली गिरकी तिला हवेत तोल देते. मांस हवेच्या आठशेपट दाट. तिथे ती गिरकी अपुरी पडते, टोकदार गोळी आडवी होते, कोलांटी खाते आणि भलत्याच दिशेला जाते. म्हणून जुन्या सॉलिड गोळ्यांची नाकं गोल असत. आता अनेक कारखाने ती सपाट ठेवतात: सपाट नाक समोरचं द्रव्य बाजूला भिरकावतं, गोळीभोवती पोकळी होते, तिच्या कडांना मांस लागत नाही आणि वाट वाकडी होण्याचं कारण कमी होतं. गोल नाकापेक्षा जखमही रुंद होते. जुन्या सॉलिडमध्ये शिशाच्या गाभ्यावर पोलादाचं कवच असे. कवच पातळ असलं तर हाडावर ते चेपे किंवा फाटे. आजची सॉलिड अखंड पितळेची किंवा तांब्याची असते, तिच्यात वेगळं होण्यासारखं काही नाही. त्यातही एक गोम आहे. शंभर वर्षांच्या दुनळी रायफलींच्या नळ्या पातळ, आणि अशी कडक गोळी त्यांच्या आट्यांवर ताण आणते. गोळी जनावराला योग्य असून बंदुकीला अयोग्य, असंही घडू शकतं.

मग दोन्ही गुण एका गोळीत आणले तर? हा आक्षेप सर्वांत वजनदार, कारण तसे प्रयत्न यशस्वी झाले आहेत. अमेरिकेतल्या जॉन नोस्लरच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसच्या फऱ्यावर फुटून गेल्या, त्यानंतर त्याने गोळीच्या मध्यावर धातूची आडवी भिंत ठेवली. पुढचा अर्धा फुलतो, भिंतीमागचा शाबूत राहून पुढे जातो. १९४८ पासून ही ‘पार्टिशन’ गोळी विकली जाऊ लागली. पुढे शिसं कवचाला डाखलेल्या गोळ्या आल्या, आणि १९८९ मध्ये बार्न्सची अखंड तांब्याची ‘एक्स’ गोळी आली. तिच्या पोकळ नाकाच्या चार पाकळ्या होतात, पण वजन जवळपास पुरं टिकतं. शिशाचे कण मांसात राहत नाहीत हा वेगळा लाभ. ते कण खाऊन काँडर गिधाडं मरू लागल्यामुळे कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. रेडा आणि अस्वल यांच्यासाठी या गोळ्यांनी जुना पेच बराच सोडवला. शिवाय कळपात आरपार जाणारी सॉलिड मागच्या दुसऱ्या रेड्याला जखमी करते, हा सॉलिडवरचा रास्त आरोप. त्यामुळे पहिली गोळी मजबूत सॉफ्ट आणि नंतरच्या सॉलिड, असा क्रम अनेक व्यावसायिक शिकारी ठेवतात: पहिल्या वेळी रेडा आडवा, निवांत उभा असतो, नंतर तो पाठ फिरवून पळतो किंवा सरळ अंगावर येतो, आणि गोळीला त्याच्या अंगाची पुरी लांबी कापावी लागते. म्हणजे नव्या गोळ्यांनी मूळ युक्तिवाद मोडला नाही, उलट पक्का केला. त्या चांगल्या ठरल्या त्या फुलूनही वजन टिकवतात म्हणून.

स्वसंरक्षणात ही कसोटी आणखी कडक होते. शिकारी कोन निवडतो. ज्याच्यावर अस्वल धावून येतं त्याला निवड नसते. समोर कपाळाचं उतरतं हाड, हलणारं डोकं, खाली छातीचे दाट स्नायू, आणि हाताशी दोन-तीन सेकंद. आपल्याकडे बारा बोअरची बंदूक ओळखीची, आणि तिच्यातल्या एलजी, एसजी या मोठ्या छऱ्र्‍यांच्या काडतुसांवर लोकांचा मोठा भरवसा. वजन आणि क्षेत्रफळाचा तोच भागाकार करून पाहिला तर बारा बोअरच्या एक औंसाच्या शिशाच्या स्लगला, म्हणजे एकसंध गोळीला, दर चौरस सेंटिमीटरमागे दहा-अकरा ग्रॅम मिळतात आणि एसजीच्या एका दाण्याला सहाच्या आसपास. बिबळ्यावर अगदी जवळून हे चालून जातं, कारण त्याचं अंग पातळ. मोठ्या अस्वलावर किंवा गव्यावर ते खोल जात नाही. अमेरिकेच्या वनखात्यातर्फे अलास्कातल्या कर्मचाऱ्यांसाठी पंधरा यार्डांवरून झालेल्या काडतुसांच्या चाचणीचा अहवाल १९८३ मध्ये आला. चाचणीत ऊर्जेबरोबर गोळी किती खोल गेली आणि किती वजन टिकलं हेही मोजलं, आणि जड गोळीच्या रायफली वर आल्या, पिस्तुलं खाली राहिली.

इथे कोणी म्हणेल, मग एवढा गोळ्यांचा काथ्याकूट कशाला, अस्वल तर मिरचीच्या फवाऱ्यानेही थांबतं. हे खरं आहे आणि नीट ऐकण्यासारखं आहे. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अलास्कातल्या घटना तपासल्या, तेव्हा फवाऱ्याने तपकिरी अस्वलांना ९२ टक्के वेळा रोखलेलं दिसलं. २०१२ मध्ये त्यांनी बंदुकीच्या २६९ घटना पाहिल्या. लांब बंदुका ७६ टक्के वेळा उपयोगी पडल्या, पण बंदूक जवळ असलेल्यांत ती चालवणारे आणि न चालवणारे यांना झालेल्या इजांत ठळक फरक आढळला नाही. दोन्ही अभ्यासांतले प्रसंग सारखे नव्हते, म्हणून टक्क्यांची थेट तुलना करू नये. तरी एक गोष्ट स्पष्ट आहे: घाबरलेल्या माणसाला गोळीची बारीक वाट वर्मापर्यंत नेणं जमत नाही, फवाऱ्याचा रुंद ढग नाकाडोळ्यांपर्यंत सहज पोहोचतो. उत्तम गोळी चुकीच्या जागी लागली तर तिची बांधणी वाया जाते, आणि अनेक प्रसंगी गोळी न झाडणं हीच योग्य निवड ठरते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि केनियात १९७७ च्या बंदीने ही निवड सामान्य माणसाच्या हातातून काढून घेतली, आणि ते योग्यच झालं. तरी विषय संपलेला नाही. आपल्याकडे माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या जनावराला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक अखेरचा उपाय म्हणून देऊ शकतो. आफ्रिकेतल्या राखीव जंगलांत पायी फिरणारे रक्षक रोज रायफल घेऊन निघतात. त्यांच्या हातात बंदूक देताना बहुतेक वेळा नळी आणि परवाना यांची चर्चा होते, काडतूस मात्र कोठारात असेल ते. हा क्रम उलटा व्हायला हवा. आधी जनावर आणि त्याचा कोन, मग त्या कोनातून वर्मापर्यंत न फुटता, न वळता जाणारी गोळी, मग ती गोळी ज्या बंदुकीतून माणूस न बिचकता नेमकी झाडू शकेल ती बंदूक. या क्रमाने पाहिलं तर फोर बोअर आणि सात मिलिमीटर यांचं जुनं भांडण बरंचसं मिटतं. गोळी आत पोहोचल्यानंतर मोठ्या व्यासाचा लाभ खराच आहे. पोहोचलीच नाही, तर .६०० चा आकडाही रेड्याला फक्त जखमी करून सोडतो.